बाटली उडवूक येता, पण बर्फ मोजूक येता?

माझा भाचा हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स संपवून गावी आला आणि पहिल्याच संध्याकाळी ओटीवर बसून म्हणाला, "मामा, माका तुमच्या वांगडा कामाक येऊचा आसा. माका बाटली उडवूक येता." मी विचारलं, "बर्फ मोजूक येता?" तो हसला. त्याला वाटलं, मामा फिरकी घेतोय.

फिरकी नव्हती. लग्नं, साखरपुडे, कंपन्यांच्या सहली, खाद्यमहोत्सव, जत्रा अशा ठिकाणी पेयांचा काउंटर लावणं हा माझा धंदा. कधी नुसतं कोकम सरबत आणि सोलकढी, कधी परवाना काढून अख्खा बार. लोकांना वाटतं, हे काम म्हणजे काळा शर्ट, रंगीत दिवे आणि हवेत गरगरणारी बाटली. तेही असतं, रात्रीतून पंधरा-वीस मिनिटं. बाकीचे बारा तास ओझी उचलायची, पाणी भरायचं, पेले मोजायचे, कुणी विचारलं तर कागद दाखवायचे आणि मधून मधून समुद्राकडे बघायचं. भाच्याला जे पुढचे चार दिवस सांगत बसलो, तेच इथे लिहितोय. त्याच्यासारखी बरीच पोरं आता या कामाकडे वळतायत.

पैसे कोण देतं आणि का

या कामात पैसे देणारे दोन प्रकारचे. एक, यजमान. त्याच्या घरचं कार्य आहे, पाहुण्यांना पाजायचं आहे, तो पैसे मोजतो. हे समजायला सोपं.

दुसरा, पेय बनवणारी कंपनी. ती फुकट पाजायला पैसे का खर्च करते? दारूच्या बाबतीत कारण सरळ आहे. टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी आहे, आणि महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यातही 'प्या' असं सांगणारी जाहिरात छापायला मनाई आहे. म्हणून तेच नाव सोड्यावर, पाण्याच्या बाटलीवर दिसतं, आणि संगीत महोत्सवाच्या कमानीवर झळकतं. नवीन माल गिऱ्हाइकाच्या जिभेपर्यंत न्यायला कार्यक्रमाइतकी सोपी वाट कंपनीला दुसरी नाही. तिथे काउंटरवर उभा असलेला पोरगा हीच तिची जाहिरात.

आमच्या कोकमवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांच्या जाहिरातीला कुणी अडवत नाही, पण तिच्यासाठी पैसा नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी नागपूरच्या माणसाला आगळ म्हणजे काय आणि अमृत कोकम म्हणजे काय हे बाटलीवर वाचून कळत नाही. (आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, सोलकढीसाठी. अमृत कोकम म्हणजे साखरेच्या पाकातलं, सरबतासाठी. दरवर्षी कुणीतरी आगळाचं सरबत करतं आणि मग फोन करून भांडतं.) त्याला एक घोट पाजावाच लागतो. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात आपल्याकडच्या बचत गटाच्या बायका इवल्या पेल्यांची ताटं घेऊन उभ्या असतात ते याचसाठी.

आणि हिशेब घातला तर चव देणं फार स्वस्त पडतं. पाऊण लिटरच्या अमृत कोकमाच्या एका बाटलीत पाचपट पाणी घातलं की साडेचार लिटर सरबत होतं. तीस मिलीचा घोट दिला तर दीडशे माणसं. म्हणजे एका बाटलीत दीडशे तोंडं. खर्च होतो तो पेल्यांवर आणि बर्फावर.

यजमान किंवा कंपनी आणि तुम्ही यांच्यामध्ये बहुतेक वेळा आणखी दोन पायऱ्या असतात. वर इव्हेंटवाला, त्याच्याखाली केटरर, त्याच्याखाली बारवाला, आणि सगळ्यात खाली तो पोरगा जो रात्री दोनला रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये भरतोय. पैसे वरून खाली येतात आणि प्रत्येक पायरीवर थोडे थांबतात. यावर नंतर बोलू.

बर्फाचं गणित

आता मुख्य गोष्ट. तीनशे पाहुण्यांचं लग्न आहे, माणशी दोन पेले कोकम सरबत, पेला दोनशे मिलीचा. झालं एकशेवीस लिटर. त्यात वीस लिटर अमृत कोकम, शंभर लिटर पाणी. इथपर्यंत सगळ्यांना येतं.

मे महिन्यात आमच्याकडे टाकीतलं पाणी तीस अंशांचं असतं. सरबत प्यायला बरं लागतं ते दहाएक अंशांना. म्हणजे एकशेवीस लिटरमधून वीस-वीस अंश उष्णता काढून घ्यायची आहे. शाळेत शिकलेलं आठवा: एक किलो पाणी एक अंशाने तापवायला किंवा निववायला एक किलोकॅलरी लागते. एकशेवीस गुणिले वीस, चोवीसशे. एक किलो बर्फ वितळताना ऐंशी किलोकॅलरी ओढून घेतो, आणि त्याचं झालेलं पाणी दहा अंशांपर्यंत येताना आणखी दहा. म्हणजे किलोला नव्वद. चोवीसशे भागिले नव्वद, साधारण सत्तावीस किलो.

सत्तावीस किलो हा वहीतला आकडा. प्रत्यक्षात बर्फ फक्त सरबताला गार करत बसत नाही. तो पातेल्याला गार करतो, टेम्पोला गार करतो, मांडवातल्या दमट हवेलाही गार करतो. म्हणून मी दुप्पट धरतो. वर प्रत्येक पेल्यात दोन-तीन खडे, साठ-सत्तर ग्रॅम, सहाशे पेल्यांचे चाळीस किलो. एकूण शंभर किलोच्या आसपास. नुसत्या सरबताला तीन माणसांमागे एक किलो. बार असेल, बाटल्या गार करायच्या असतील, आणि महिना एप्रिल-मे असेल, तर मी माणशी एक किलो सांगतो. यजमान म्हणतात, "एवढा कशाला?" रात्री दहाला तेच विचारतात, "अजून आहे ना?"

याच गणितातून दुसरी एक गोष्ट निघते. बर्फ सरबतात टाकला तर सत्तावीस किलो बर्फाचं सत्तावीस लिटर पाणी होणार आणि सरबत पुळकट होणार. म्हणून शंभर लिटर पाणी आधी ओतायचंच नाही. सत्तरच ओता, उरलेलं पाणी बर्फाच्या रूपाने येतंय असं धरा. नाहीतर पातेलं बाहेरून बर्फात ठेवा आणि आत एक खडाही टाकू नका. दोन्हींतलं एक ठरवा. नवशिके दोन्ही अर्धं अर्धं करतात.

बाटल्या गार करायच्या असतील तर टबात नुसता बर्फ भरून उपयोग नाही. खड्यांच्या मध्ये हवा असते आणि हवा उष्णता लवकर नेत नाही. टबात बर्फ टाका, वरून पाणी ओता. पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं, आणि जे तासाभरात व्हायचं ते बरंच लवकर होतं. मूठभर जाडं मीठ टाकलं तर अजून लवकर, कारण मिठाने ते पाणी शून्याखाली जातं. मात्र मिठाचा टब वेगळा आणि पेल्यात घालायचा बर्फ वेगळा. एकदा एका पोराने खारट टबातला बर्फ जिनमध्ये घातला होता. पाहुण्यांनी वाहवा केली, त्यांना ती नवीन पद्धत वाटली. सांगायचं तरी कुणाला?

बर्फ कुठून आणायचा, हा आमच्या किनाऱ्यावरचा खरा प्रश्न. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, जिथे बंदर तिथे बर्फाचा कारखाना. लाद्या निघतात, मशिनमध्ये भरडल्या जातात आणि बोटीच्या पोटात जातात. तो बर्फ मासळीसाठी असतो. स्वस्त, जवळ, हवा तेवढा. मोह होतोच. पण तो प्यायच्या पाण्याचा असेलच असं नाही, आणि भरडणारं मशिन दिवसभर कशाकशातून गेलेलं असतं. खाण्याचा आणि न खाण्याचा बर्फ लोकांना ओळखता यावा म्हणून २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम केला. म्हणून बर्फ घेताना आधी रंग बघा. पांढरा दिसला तरी पाणी कुठलं ते विचारा, आणि एक खडा तोंडात टाकून बघा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, आणि मचूळ पाण्याचा बर्फ सरबताची चव पाडतो. पेल्यातला बर्फ मी पिशवीतला, सीलबंद घेतो. महाग पडतो. बाहेरून गार करायला मात्र लादीच बरी, कारण मोठा तुकडा सावकाश वितळतो. लादी गोणपाटात गुंडाळायची, वर भाताचं तूस. थर्माकोलची पेटी असली तरी मी तूस घालतो. आमचे आजोबा घालायचे म्हणून घालतो असं भाच्याला वाटतं. एकदा नाही घातलं तेव्हाचा अनुभव त्याला सांगितलेला नाही.

आणि खाड्या! नकाशावर दापोली आणि गुहागर शेजारी दिसतात, मध्ये दाभोळची खाडी. जंगल जेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, पलीकडे धोपाव्याला उतरलं की झालं. पण टेम्पोला जागा मिळाली नाही, किंवा रात्रीची शेवटची फेरी चुकली, की खेड-चिपळूणवरून वळसा. तोवर लादीतला किती बर्फ आणि किती पाणी ते तुम्हीच बघा. म्हणून बर्फ नेहमी काउंटर लागतोय त्या काठावरचा घ्यावा, दोन रुपये जास्त गेले तरी.

सोलकढीत लोणी कसं आलं

एका लग्नात सोलकढी आम्ही प्रेमाने बर्फात गच्च गार करून ठेवली होती. वाढायला घेतली तर वर पांढरे कण, जिभेला मेणासारखे लागणारे. वधूची आत्या म्हणाली, "दूध फुटलंय." फुटलं नव्हतं. खोबऱ्याचं तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं, थंडीत बाटलीतलं तेल घट्ट होतं तसं. नारळाच्या पहिल्या दाट दुधात तेल भरपूर असतं. ते फार गार केलं की तेलाचे कण गोठून वर येतात. घरी सोलकढी फ्रीजमध्ये इतका वेळ राहत नाही, म्हणून हे घरी दिसत नाही.

फुटणं हे वेगळं प्रकरण. कोकमाच्या आंबटपणाने नारळाच्या दुधातली प्रथिनं आवळतात आणि पाणी खाली, दाट वर असे थर बसतात. त्याला उपाय डावाने ढवळत राहणं. म्हणून कार्यक्रमाची सोलकढी करताना दुसरं-तिसरं दूध जास्त, पहिलं कमी. आगळ वाढायच्या तासभर आधी घालायचं, आणि गार ठेवायची ती अंगाला बरी वाटेल इतपतच. पण उघड्यावरही ठेवायची नाही. नारळाचं दूध उन्हाळ्यात दोन तासांवर बाहेर राहिलं की मला त्याचा भरवसा वाटत नाही. मग थोडी थोडी काढायची. म्हणजे सरबत एकदा करून मोकळं होता येतं, सोलकढीला मात्र एक माणूस जन्माला बांधून ठेवावा लागतो. दर ठरवताना हे धरत जा.

भांडं स्टीलचंच. पितळेचं, कल्हई नसलेलं भांडं फोटोत छान दिसतं म्हणून इव्हेंटवाले आग्रह करतात. आंबट रस पितळेला खातो. कुणी म्हणालंच तर पितळी भांडं बाहेर ठेवा, आत स्टीलचं.

नीरेचाही आग्रह होतो. नीरा सूर्योदयापूर्वी उतरवतात, आणि हवेतल्या यीस्टने ती काही तासांत आंबायला लागते. आंबली की ती नीरा राहत नाही. संध्याकाळच्या कार्यक्रमाला नीरा मागणाऱ्या माणसाला मी नम्रपणे शहाळं सुचवतो.

गर्दीचंही एक सांगतो. आपल्याकडच्या लग्नात अक्षता पडल्या की पहिली पंधरा मिनिटं तीनशे माणसं एकदम काउंटरकडे वळतात. त्यानंतर तासभर कुणी फिरकत नाही. म्हणून मंगलाष्टकं सुरू झाली की पेले भरून ठेवायचे, बर्फाशिवाय. "शुभमंगल सावधान" ऐकू आलं की बर्फ घालायला सुरुवात. आमच्या पोरांना आता कितवं कडवं चाललंय ते भटजींइतकंच कळतं. पेले प्लॅस्टिकचे चालत नाहीत. राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या पेल्यांवर, स्ट्रॉवर, ढवळायच्या काड्यांवर बंदी आहे. काच वाळूवर नको. मी स्टीलचे नेतो आणि धुवायला दोन बायका ठेवतो.

पौर्णिमेचं लग्न

मुंबई-पुण्याच्या माणसांना पुळणीवर लग्न हवं असतं, तेही पौर्णिमेला, चांदण्यात. कल्पना सुंदर. आता समुद्र काय करतो ते बघा.

आमच्याकडचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. दिवसात दोन भरत्या, पौर्णिमेला एक दुपारची, एक रात्रीची, आणि मध्ये सहा तासांनी ओहोटी. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण. भरती नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटी नेहमीपेक्षा खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी फारसं हलत नाही.

आता जुळवा. पौर्णिमेच्या संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी, तीही उधाणाची. पुळण मैदानासारखी रुंद. इव्हेंटवाला खूष, मंडप खाली, फोटोत सूर्य पाण्यात बुडतोय. काउंटर पाण्याच्या दिशेला, कारण "तिथून व्ह्यू येतो". आणि रात्री साडेअकरा-बाराला, नाच ऐन रंगात असताना, महिन्यातलं सगळ्यात वर चढणारं पाणी येतं.

माझ्यावर हे एकदा आलंय. साडेदहाला पहिली लाट टेबलाच्या पायाला लागून गेली. डीजे चालू होता, कुणाचं लक्ष नव्हतं. गावातला एक रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा) म्हातारा कडेला उभा राहून सगळं बघत होता. मला म्हणाला, "अरे, आज पुनव मरे? उचल सामान!" आम्ही क्रेट उचलेपर्यंत थर्माकोलच्या दोन पेट्या तरंगायला लागल्या होत्या. एक मिळाली. दुसरीत पन्नासएक पेल्यांचा बर्फ होता, समुद्राला अर्पण. तेव्हापासून कालनिर्णय बघितल्याशिवाय मी जागा ठरवत नाही. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची, काटक्यांची जी रेघ असते, ती आदल्या भरतीची खूण. तिच्याही वर, सुरूच्या झाडांच्या बाजूला काउंटर लावायचा. व्ह्यू गेला तरी चालेल.

पुळणीवर ग्रामपंचायत, पोलिस, सागरी मंडळ अशा परवानग्या लागतात, आणि किनारा नियमन क्षेत्राचे नियम वेगळे. त्या इव्हेंटवाल्याने काढायच्या असतात. तुम्ही फक्त कागद बघायला मागा. वेळास-आंजर्ल्यासारख्या गावांत कासवांची घरटी असतात; अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, त्यामुळे तिथे दिव्यांचा झगमगाट करू म्हणणाऱ्याचं काम घेऊच नये असं माझं मत आहे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा देशभरचा नियम. आणि बार असेल तर पाण्यापासून लांब. प्यालेला माणूस आणि काळोखातला समुद्र हे दोन्ही एकत्र नको, एवढं लिहून पुढे जातो.

कागद

दारूच्या बाबतीत महाराष्ट्राचा कायदा १९४९चा आहे आणि त्याच्या नावातच दारूबंदी आहे. म्हणजे मुळात बंदी, आणि परवाना असेल तर सूट, अशी त्याची रचना. ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं समजतं. विकायला परवाना, वाहून न्यायला परवाना, आणि अनेकांना आश्चर्य वाटतं, पिणाऱ्यालाही परवाना. विदेशी मद्याचा एक दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार. बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. नवरदेवाचे मित्र तेवीस-चोवीसचे असतात आणि व्हिस्की मागतात. "नवरा माझा दोस्त आहे" हा वयाचा दाखला होत नाही.

कार्यक्रमासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा तात्पुरता परवाना काढतात. त्यावर जागा आणि तारीख असते. जागा बदलली, पावसामुळे कार्यक्रम दुसऱ्या दिवशी गेला, की तो कागद गेला. माल परवानाधारक दुकानातूनच घ्यायचा आणि बिलं काउंटरखाली ठेवायची. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन, गांधी जयंती कोरडे. शिवाय निवडणूक असली तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास. लग्नाची तारीख वर्षभर आधी ठरते, निवडणुकीची महिनाभर आधी कळते. यजमानाला हे आधीच सांगून ठेवलं तर पुढे तुमच्यावर चिडत नाही.

सिंधुदुर्गात एक खास मोह आहे. गोवा तासाभरावर, दारू स्वस्त. "मुलाचा मामा पणजीला आहे, तो गाडीतून आणतो." त्या बाटलीवर स्पष्ट छापलेलं असतं, फक्त गोव्यात विक्रीसाठी. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्कचा नाका आहे. पकडलं तर माल जातो, गाडी जाते, मामाही जातो. आणि नाका चुकवून आली तरी ती माझ्या काउंटरवर उघडत नाही, कारण रिकाम्या बाटलीवरचा शिक्कासुद्धा बोलतो.

फेणीचं याहून विचित्र. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वेंगुर्ल्याच्या काजूलाही मानांकन आहे, पण ते बीला. सीमेच्या पलीकडे बोंडवाचा, म्हणजे काजूच्या फळाचा, रस भट्टीत जातो आणि त्याचा अभिमान होतो; अलीकडे आमच्या बागांत बोंडवांचे ढीग कुजतात, आणि परवान्याशिवाय गाळायला गेलात तर गुन्हा. पाहुणे "गावठी फेणी" मागतात तेव्हा मी त्यांना बोंडवाचं सरबत देतो. त्यातल्या टॅनिनने घसा धरतो, म्हणून चिमूटभर मीठ आणि आलं. रस सकाळी काढायचा, बर्फात ठेवायचा, दुपारपर्यंत संपवायचा. थोडा वेळ जास्त राहिला की तो आपणहून आंबायला लागतो, आणि मग तुम्ही नकळत वेगळ्या कायद्याखाली येता.

सरबत-सोलकढीला दारूचा परवाना नको, पण एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवी. चौदा अंकी नंबर काउंटरवर दिसला पाहिजे. पोरं म्हणतात, "सरबताला कोण विचारतंय?" मोठ्या यजमानाचा अकाउंटंट विचारतो, आणि नंबर नसेल तर बिल अडवतो.

उशिरा येणारे पैसे आणि शेवटची मोजणी

हंगाम नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात या धंद्याला सुट्टी, पोटाला नसते. माझे चार महिन्यांचे पैसे एका इव्हेंटवाल्याकडे अडकले होते. तो म्हणे कंपनीकडून आले नाहीत, कंपनी म्हणे देऊन झाले. माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं, व्हॉट्सॲपवरचा एक अंगठा होता. आता निम्मे आगाऊ घेतो, आणि किती पेले, किती वाजेपर्यंत, बर्फ कुणाचा हे तीन मुद्दे लिहून घेतो. "बर्फ कुणाचा" यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी पैशांवरूनही होत नाहीत.

भाच्याला विचारलं, पहिल्या दिवशी काय करशील? म्हणाला, तुम्ही सांगाल ते. मग त्याला ड्रायव्हरांच्या टेबलावर बसवलं. पाहुण्यांना घाटातून घरी नेणारे हे लोक, रक्तात शंभर मिलीला तीस मिलिग्रॅम अल्कोहोल ही त्यांची कायद्याची हद्द, आणि "एक घ्या ना" म्हणणारे पाहुणे पदोपदी. तिथे रात्रभर सरबत देत राहायचं आणि हसत नाही म्हणायचं. पोराने ते बरं केलं. बाटली एकदाही उडवली नाही.

दीडला काउंटर बंद. मग मोजणी: आलेल्या बाटल्या, उघडलेल्या, सीलबंद उरलेल्या, रिकाम्या. साडेसातशे मिलीच्या बाटलीत साठ मिलीचे साडेबारा पेग, आम्ही बारा धरतो. रिकाम्या बाटल्या, नोंदवलेले पेग आणि बिलं यांचा मेळ बसला पाहिजे. पहिल्या रात्री मेळ बसला नाही, दोन बाटल्या कमी. भाचा घाबरला. शोधल्यावर त्या मिठाच्या टबाच्या तळाशी सापडल्या, लेबलं सुटून वर तरंगत होती.

अर्धी लादी उरली होती. ती आम्ही वाटेत बंदरावर उतरवली. पहाटेच्या लिलावाला थांबलेल्या एका मावशीने गोणपाट उघडून बघितलं आणि भाच्याला विचारलं, "निळो नाय मा रे?"